मातीला पोचेल एवढ्या अंतरावर

आमच्या गावात एखादं ठिकाण किती लांब आहे हे कोणी किलोमीटरमध्ये विचारत नाही. तिथून मातीला पोचता येतं का, एवढंच विचारतात. माती म्हणजे अंत्यविधी. पुढे जाळणार असले तरी आमच्याकडे म्हणायचं मातीच. माणूस सकाळी गेला तर दिवस मावळायच्या आत माती झाली पाहिजे, आणि लेक आल्याशिवाय तिरडी उचलायची नाही, हे आमचे दोन नियम. दोन्ही एकाच दिवशी पाळायचे असल्यामुळे लेकी कुठे द्यायच्या याचा नकाशा आपोआप तयार झाला आहे. आखाडा बाळापूर चालतं. कनेरगाव नाका चालतो. परभणी चालते, पण सासरी स्वतःची गाडी असावी. पुण्याला लेक दिली असेल तर घरातल्या म्हाताऱ्यांनी पहाटेच मरावं अशी अपेक्षा असते, आणि सांगायला संकोच वाटतो, पण दोघातिघांनी ती पुरी केलेली मी पाहिली आहे.

मला हे इतकं नेमकं माहीत आहे ते माझ्या धंद्यामुळे. माझं मंडप आणि लाऊडस्पीकरचं दुकान आहे. गावच्या मारुतीच्या देवळावरचा भोंगा माझाच. त्यामुळे गावात कोणी गेलं की ती बातमी माझ्या तोंडून निघते. ‘अमुकतमुक यांचं दुःखद निधन झालं आहे, त्यांची माती आज दुपारी चार वाजता होईल.’ ऐकणाऱ्याला वाटतं, चार म्हणजे चार, कोणीतरी ठरवलं असेल. ते कोणीतरी मी असतो. मेलेल्याच्या घरचे लोक रडत रडत येतात आणि मी विचारतो, “लेकी किती? कुठं दिल्या?” मग मी हिशेब मांडतो. एक लेक कुठे, तिच्या गावाहून जीप कधी निघते, ती शेतात असेल की घरी, बातमी फोनवर सांगतील की ‘आईची तब्येत जरा नरम हाये, ये’ असं म्हणून फसवतील, ती लुगडं बदलायला किती वेळ घेईल, बाळापूरच्या फाट्यावर जीप भरेपर्यंत किती वेळ जाईल. सगळ्यात लांबच्या लेकीची वेळ अधिक अर्धा तास रडण्याचा, ही मातीची वेळ. वीसेक वर्षांत मी एकदाच चुकलो. लेक वेळेआधी पोचली आणि तिरडीचा बांबू अजून तोडायचाच होता. ती बाई बापाच्या दुःखात असूनही माझ्याकडे असं काही पाहत होती की मी चार दिवस त्या गल्लीतून गेलो नाही.

असा मी गावचा अंतराचा अधिकारी. आणि या अधिकारातच माझं नाक कापलं गेलं.

माझी थोरली बहीण, आक्का, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. तिला पहिल्यांदा सेनगावकडे, गोरेगावच्या बाजूला दिली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि आमची आई गेली. दिवस पावसाळ्याचे, कयाधू दुथडी भरून वाहत होती, आणि निरोप घेऊन गेलेला माणूस सायकलवर. आक्का दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली तेव्हा स्मशानातून नुसता धूर येत होता. मी तेव्हा कडेवर बसायच्या वयाचा, मला काही आठवत नाही. पण आक्कानं मला उचलून घेतलं आणि त्याच दिवशी मनाशी ठरवलं की बापाची माती चुकवायची नाही. तिनं नवऱ्याच्या मागे लागून लागून दोन वर्षांत त्यांना तिकडची जमीन विकायला लावली, आमच्या गावात घ्यायला लावली, आणि माहेरापासून चार घरं सोडून संसार थाटला. लोक म्हातारपणी आईबापांना आपल्याकडे आणतात. आक्कानं नवराच इकडे आणला. आमचे दाजी तेव्हापासून फारसं बोलत नाहीत. ‘बघ बुवा’ एवढं बोलतात, तेही आक्काचं बोलून झाल्यावर.

बापाची माती मात्र आक्काला बराबर सापडली. चार घरांचं अंतर चालायला तिला फार वेळ लागला नाही.

आता हिच्या एकुलत्या एक लेकीला, म्हणजे माझ्या भाचीला, स्थळ आलं ते मेलबर्नचं. पोरगा तसा आपल्याच सेनगाव तालुक्यातला. तिकडे एका मोठ्या डेअरीत दूध काढायची यंत्रं सांभाळायचा. गावात ही बातमी पसरली तेव्हा पारावर एकच प्रश्न होता, “म्हशी पाह्याला एवढ्या लांब काहून गेला असन?” पण पोरगा चांगला होता. भाची नांदेडच्या दवाखान्यात नर्स होती आणि दोघांचं फोनवर दोन-तीन महिने बोलणंही झालं होतं. कशावर बोलत होते मला माहीत नाही, पण त्या दिवसांत भाची भाजी खुडतानाही हसायची.

ती एका दुपारी माझ्या दुकानात आली आणि स्पीकरच्या खोक्यावर बसली. “मामा, तुमीच काय ते करा. आई न्हाई म्हणून राहिली.”

“काहून? पोरगा पसंत न्हाई?”

“पोरगा पसंत हाये. मातीला पोचता येत न्हाई म्हणते.”

मी मोठ्या ऐटीत फोन खिशात घातला आणि निघालो. अंतराचा प्रश्न होता. तो माझ्याशिवाय कोण सोडवणार?

आक्का ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होती. दाजी खांबाला टेकून बसले होते. आक्कानं माझ्याकडे न बघताच सुरू केलं. “पोरगं चांगलं हाये. घरदार चांगलं हाये. माणसं चांगली हायेत. पण मी मेले तर ती येती का सांग. बाकी काही मला सांगू नको.”

“आक्का, जग आता जवळ आलंय.”

“कोणाच्या? माझ्या तर न्हाई आलं.”

मी फोन काढला. इंटरनेटवर एक असं पान आहे की त्यात या विमानतळाचं नाव टाका, त्या विमानतळाचं नाव टाका, ते लगेच मधलं अंतर आणि लागणारा वेळ सांगतं. मला ते पान फार आवडलं, कारण ते माझ्यासारखंच होतं. फक्त लेकी किती हे विचारत नव्हतं. मी इकडून नांदेड टाकलं, तिकडून मेलबर्न टाकलं. चाक फिरलं आणि उत्तर आलं. मी घसा साफ केला आणि भोंग्यावरच्या आवाजात वाचलं, “नऊ हजार चारशे आणि वर काही किलोमीटर. वेळ, अकरा तास चाळीस मिनिटं!”

सूप थांबलं.

“अकरा तास?”

“आणि चाळीस मिनिटं. मी तुझ्यापासून काही लपवत न्हाई.”

हे वाक्य बोलताना त्या आकड्याखाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं मला दिसलं. हे सरळ रेषेतलं हवाई अंतर आहे, या दोन विमानतळांच्या मध्ये प्रत्यक्ष विमान असेलच असं नाही, अशा अर्थाचं. मी ते वाचलं. नीट वाचलं. आणि अंगठ्यानं वर सरकवून दिलं. माणसाच्या हातून पाप होतं तेव्हा फार मोठं काही घडत नाही. अंगठा अर्धा इंच सरकतो, बस.

“नांदेडपर्यंत विमान येतं व्हय तिकडून?” आक्कानं विचारलं.

“इथं तसं लिहून राहिलं.”

“बघ बुवा,” दाजी म्हणाले. पण ते माझ्याकडे बघून म्हणाले, आणि मला ते आवडलं नाही.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण कलावंताला टाळ्या कमी पडल्या की तो आणखी एक गाणं म्हणतो. मी म्हणालो, “आक्का, अजून एक गंमत सांगतो. त्यांचं घड्याळ आपल्या साडेचार तास पुढं हाये. म्हणजे ती तिकडून सकाळी आठला निघाली की इकडं तेव्हा पहाटेचे साडेतीन. त्यात अकरा तास चाळीस घाल. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पोरगी नांदेडला. तिथून इथपर्यंत गाडी. पाचची माती धरली तर अर्धा तास रडायला मिळतो. घड्याळानं पाह्यलं तर सात तास दहा मिनिटांचा प्रवास!”

आक्कानं बोटांवर मोजलं. तिची मोजण्याची पद्धत म्हणजे ती बोटाच्या पेरांवर अंगठा ठेवत जाते आणि ओठ हलवते, देवाचं नाव घेतल्यासारखी. मोजून झाल्यावर तिनं विचारलं, “म्हणजे सोलापूरपेक्षा जवळ?”

“घड्याळानं, व्हय.”

तिनं पुन्हा सूप उचललं. “मग द्या.”

आतून भाचीच्या हातून ताटली पडल्याचा आवाज आला.

दोन दिवसांत सगळ्या गावाला कळलं की मेलबर्न सोलापूरच्या अलीकडे आहे. पारावर चर्चा झाली. ज्याची लेक सोलापूरला दिली होती तो शेजारी माझ्याकडे येऊन खिन्नपणे म्हणाला, “आमाला तवाच सांगायचं ना. आमी उगाच लांब दिली.” दुसरा एकजण पोराच्या लग्नाचं बघत होता. त्यानं मला फोनवर अमेरिका काढून बघायला सांगितलं. मी काढली. ती जरा जास्त निघाली. “पुण्याएवढीच हाये,” मी त्याला धीर दिला. माझा रुबाब त्या काळात असा होता की लोक मला रस्त्यात थांबवून लंडन विचारायचे.

लग्न आमच्याच मंडपात झालं. अंतरपाट धरल्यावर माईकवर पुकारतात ना, ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं’, ते पुकारणारा मीच आणि मुलीचा मामाही मीच. मी माईकवर मला बोलावलं, दोनदा बोलावलं, शेवटी ‘कुठं गेले मामा?’ असंही विचारलं, आणि मग माईक खाली ठेवून धावत जाऊन मुलीला घेऊन आलो. लोक पोट धरून हसले. आक्काही हसली. त्यानंतर ती माझ्याशी हसून बोलायला पुष्कळ दिवस लोटायचे होते.

भाचीची कागदपत्रं यायला पाच-सहा महिने गेले. कागदपत्रांबरोबर तिकीट आलं तेव्हा कळलं की विमान हैदराबादहून आहे. “काही फरक न्हाई, आक्का,” मी म्हणालो. “जरा वळण.” मग कळलं की हैदराबादहून ते सिंगापूरला जातं आणि तिथून दुसरं विमान. “बाळापूरला जीप बदलतो ना आपण, तसं,” मी म्हणालो. आक्कानं दाजींच्या हातावरचं घड्याळ काढून आपल्या हातावर बांधलं.

निघालो सकाळी बरोबर आठ वाजता. भाड्याची जीप, तिच्यात सात माणसं, तीन बॅगा आणि धपाट्यांचा डबा. आक्कानं उंबऱ्यातून पाऊल बाहेर टाकताना घड्याळ पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, “आठ.” नांदेड मागे पडलं तेव्हा तिनं खिडकीतून बाहेर पाहत विचारलं, “विमानतळ इथंच कुठंतरी हाये ना?” मी ड्रायव्हरला गाणी लावायला सांगितली.

हैदराबादला विमानतळावर पोचलो तेव्हा दुपार टळली होती. विमान सुटायला अजून सहा-सात तास होते. आत नुसती प्रवाशांनाच सोडतात, म्हणून आम्ही सगळे बाहेर झाडांच्या कुंड्यांजवळ सतरंजी अंथरून बसलो. भाचीला आत जायला सांगत होतो, पण ती आईला सोडून जाईना. गप्पा झाल्या, रडणं झालं, पुन्हा गप्पा झाल्या, भुका लागल्या. डबा उघडला. धपाटे, दही, हिरव्या मिरचीचा ठेचा. आजूबाजूचे लोक सुटाबुटात ट्रॉल्या ढकलत जात होते आणि ठेच्याच्या वासानं वळून बघत होते. मला मोठी मजा वाटत होती. मी एका परदेशी बाईला धपाटा देऊ का असंही हातानं विचारलं.

आणि आक्कानं घड्याळ पाहिलं.

“आठाला निघालो,” ती म्हणाली. “आता सात चाळीस झाले.”

कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. माझ्या तोंडातला घास तिथेच राहिला.

“अकरा तास चाळीस मिनिटं झाली,” आक्का म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. “तुझ्या फोनपरमानं पोरगी आता मेलबर्नात पाह्यजे. ती तर माझ्यापुढं बसून धपाटा खाऊन राहिली.”

भाची खाता खाता थांबली. बाकीची सहाही माणसं माझ्याकडे बघायला लागली. दाजींनी ठेच्याची वाटी माझ्यापासून जरा लांब सरकवली. मला अजूनही वाटतं की त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात कठोर कृती असेल.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवणवेळेला भाचीचा फोन आला, “आई, घरी पोचले.” आक्कानं तिची चौकशी केली, जावयाशी बोलली, फोन ठेवला, घड्याळ काढून दाजींना परत दिलं आणि म्हणाली, “सदतीस तास. त्याला सकाळी बोलवा.”

सकाळी मी गेलो. ओट्यावर आक्का, खांबाला दाजी, आणि तमाशा बघायला तीन शेजारणी. आक्कानं मला समोर बसवलं. “सगळ्या गावाची माती काढतो ना तू? आता माझी काढ.”

“आक्का, असं काय बोलतीस?”

“काढ. लेक एक. मेलबर्नला दिली. सांग, माती किती वाजता?”

धंद्याची सवय वाईट असते. मी खरंच हिशेब करायला लागलो. “समज, तू सकाळी सहाला...”

“सकाळी काहून? मी दुपारी मरन. जेवून.”

“बरं, दुपारी दोनला. फोन लगेच जातो. तिकडं तवा साडेसहा झालेले. तिकीट मिळायला पाच-सहा तास धर. मग विमान असन तवा. मग सिंगापूरला बसणं. मग हैदराबाद. तिथून गाडी...” मी बोटं मोजत होतो आणि बोटं संपत होती. “तिसरा दिवस, आक्का. सकाळी.”

“तिसऱ्या दिवशी सकाळी,” आक्का शेजारणींना म्हणाली. “ऐकलं का? तोवर मला कुठं ठेवणार?”

एका शेजारणीनं जीभ चावली. दुसरीनं उत्साहानं सांगितलं की बाळापूरला एकानं थंड पेटी आणली आहे, काचेची, माणूस दोन-दोन दिवस चांगला राहतो.

“कुल्फीवानी?” आक्कानं विचारलं.

“तोंड दिसतं बराबर काचेतून,” शेजारीण म्हणाली.

“अन् लाईट गेली तर?”

मी संधी साधली. “माझं जनरेटर हाये की, आक्का.”

“तुझ्या जनरेटरवर लग्नातलं एक गाणं तरी पुरं झालं का कधी?” शेजारणी हसल्या. आक्का मात्र हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला एकदम जाणवलं की ही बाई खेळत नाही. “मी धूर पाह्यला तवा मला कसं वाटलं, ते तुला काय ठाऊक? तू कडेवर होतास. मी तुलाच पोटाशी धरून रडले. आन तूच मला फसवलं.”

मी बारीक अक्षरांबद्दल कबूल केलं. अंगठा कसा सरकवला तेही दाखवलं. आक्कानं तो अंगठा नीट पाहून घेतला आणि आत निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. समोर आलो तरी दाजींना सांगायची, “त्याला म्हणा, चहा ठेवलाय.” दाजी म्हणायचे, “चहा ठेवलाय.” त्यांना त्या वर्षी बराच बोलायचा सराव झाला.

गावातही माझा भाव उतरला. मी मातीची वेळ सांगितली की मागून कोणीतरी विचारायचं, “ही वेळ सरळ रेषेतली हाये का जीपची?” सोलापूरवाला शेजारी मात्र पुन्हा आनंदात दिसायला लागला.

दीड वर्षानं भाचीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिचं तिकडचं काम, डॉक्टर, कागदपत्रं, काही जमेना. ती फोनवर रडायला लागली तेव्हा आक्कानं एका वाक्यात निकाल दिला, “माहेर तिकडं येईल.” आणि आखाडा बाळापूरच्या पुढे स्वतःहून कधी न गेलेल्या या बाईनं पासपोर्ट काढला, बोटांचे ठसे दिले, फोटोसाठी डोक्यावरचा पदर सारखा करून बसली, आणि नांदेडच्या एका ओळखीच्या कुटुंबाच्या सोबतीनं निघून गेली. जाताना दाजींचं घड्याळ पुन्हा हातावर होतं. जीपमध्ये बसताना दाजींना म्हणाली, “त्याला म्हणा, सांभाळून राह्य.”

पाच महिने दाजी माझ्याकडे जेवले. निरोप पाठवणारी तिकडे गेल्यामुळे त्यांचा बोलायचा सराव पुन्हा सुटला. एकदा ते आपणहून म्हणाले, “लांब हाये, न्हाई?” मी म्हणालो, “व्हय, दाजी.” त्यावर आमचं एकमत झालं.

आक्का परत आली तेव्हा मीच हैदराबादला आणायला गेलो. मनात धाकधूक होती. ती बाहेर आली ती गोरीगोमटी होऊन, पायात बूट, लुगड्यावर लांब कोट, आणि सगळ्या सामानासकट ट्रॉली अशी ढकलत होती जशी जन्मभर तेच करत आलेली आहे. जीपमध्ये बसली. शहर मागे पडल्यावर घड्याळाकडे बघत, थेट माझ्याशी बोलली.

“बारा तास दहा मिनिटं.”

“काय, आक्का?”

“हवेत होते ते. दोन्ही विमानांचं मिळून. जाताना बी, येताना बी. तुझा फोन अर्धा तास चुकला. बाकी बराबर व्हता.”

मी गाडीतच तिच्या पाया पडायला वाकलो आणि डोकं पुढच्या सीटवर आपटलं.

“अन् बाकीचे पंचवीस तास?” मी कपाळ चोळत विचारलं.

“ते बसणं व्हतं. त्याला प्रवास कोन म्हणतं? पुण्याला जाताना आपून बाळापूरच्या फाट्यावर दोन-दोन तास बसतो, ते धरतो का? पुणं किती, तर दहा तास म्हणतो.” तिनं कोट सारखा केला. “बसायला लई चांगलं हाये पण. सिंगापूरला खुर्ची अशी की झोपच लागती. एका बाईनं मला पाणी आणून दिलं. मी तिला डिंकाचा लाडू दिला, ती म्हणली काहीतरी, मी म्हणलं, खा.”

मी त्या रात्री शांत झोपलो. मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण आक्काच्या मनातलं प्रकरण ते नव्हतंच.

आठवड्याभरानं ती दुकानात आली. मी अलीकडे एक नवीन सोय केली होती. निधनाची सूचना एकदा ध्वनिमुद्रित करायची, चिपमध्ये भरायची आणि तीन-चार वेळा वाजवायची, म्हणजे घसा बसत नाही. आक्का स्पीकरच्या त्याच खोक्यावर बसली जिथे तिची लेक बसली होती.

“लाव ते यंत्र. माझी भरून ठेव.”

“काय भरून ठेवू?”

“माझी माती. तुझ्या भरवशावर न्हाई ठेवायची मला. मी गेल्यावर तू पुन्हा अंगठा सरकवशील.”

मी हसलो. तिनं माईककडे बोट दाखवलं. मी माईक हातात घेतला.

“सांग,” ती म्हणाली. “माती आजच. दिवस मावळायच्या आत. जो वेळ तुला जमन तो. पेटी न्हाई, बरफ न्हाई, जनरेटर तर न्हाईच. लेकीसाठी कोणी थांबायचं न्हाई.”

मी माईक खाली घेतला. “आक्का, लेक आल्याबिगर? तूच तर...”

“मी तिथं बसून मोजलं,” ती म्हणाली, आणि पेरांवर अंगठा ठेवत गेली, जशी त्या दिवशी तुरीच्या डाळीसमोर ठेवत गेली होती. “दुपारी मेले तर तिसऱ्या दिवशी सकाळी ती इथं. म्हणजे राख सावडायला बराबर पोचती. अस्थी तिच्या हातानं गोळा व्हतील.” अंगठा शेवटच्या पेरावर आला. “मला बी आईची मातीच न्हाई सापडली. पण तिसऱ्या दिवशी सावडायला मी होते. निवलेली राख होती, त्यातून मी माझ्या हातानं वेचली तिला. लोक म्हणत व्हते, पोरगी मातीला न्हाई पोचली. मी बी तेच धरून बसले एवढी वर्षं. जे सापडलं ते मोजलंच न्हाई. पोरीला ते झालं न्हाई पाह्यजे. म्हणून गावाला तूच सांग, मोठ्यानं. लेक सावडायला येती हाये. तिला कोणी नावं ठेवायची न्हाईत.”

बाहेर दाजी येऊन उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते म्हणाले, “बराबर हाये.” बघ बुवा नाही म्हणाले.

मी बटण दाबलं. घसा साफ केला आणि माझ्या नेहमीच्या खणखणीत आवाजात सुरू केलं, “गावातील सर्व नागरिकांना कळविण्यात दुःख होते की...”

“थांब,” आक्का म्हणाली. “एवढ्या खुशीत काहून सांगून राहिला? सख्खी बहीण मेली का सोयाबीन आलं विकायला?”

मी पुन्हा सुरू केलं. या वेळी सावकाश. नातं सांगितलं, वेळेची जागा रिकामी सोडली, माती आजच आहे म्हणालो, पेटी नाही म्हणालो. मग ‘त्यांची लेक’ इथे आलो आणि माझा खणखणीत आवाज पुटपुटण्यावर आला. यंत्राचा लाल दिवा पेटलेला होता. मी कसंबसं शेवटचं वाक्य पुरं केलं आणि बटण सोडलं.

मी ते वाजवून दाखवलं. आक्कानं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, डोळे मिटून, मान हलवत.

“हां,” ती म्हणाली. “आता जमलं. पण ‘सावडायला’ नीट ऐकू आलं न्हाई. तेच तर ऐकू यायला पाह्यजे. पुन्हा भर.”